गुडघ्याखालचा सा

“शब्बीरभाई, सोमवारी ही पुन्हा किंचाळली तर आक्का माझ्या हातात टाळ देणार हायत,” विजयाताईंनी गिटार काउंटरवर ठेवत सांगितलं. “आन् उदगीरहून कीबोर्डवाला येणार.”

लातूरला गोलाई बाजाराच्या मागच्या बोळात माझं वाद्यदुरुस्तीचं दुकान आहे. आजोबांपासून आम्ही पेट्या, म्हणजे हार्मोनियम, दुरुस्त करतो. गिटारी माझ्या काळात आल्या. विजयाताई चाकूरजवळच्या एका गावात शाळेत शिकवतात आणि तिथल्या आक्कांच्या महिला भजनी मंडळात गातात. मंडळाची पेटीवाली बाई मुलाकडे पुण्याला गेली. आता सूर कोण धरणार? ताई म्हणाल्या, मी गिटारवर धरते. कॉलेजात शिकलेली गिटार लग्नानंतर बारा वर्षं माळ्यावर पडून होती, ती त्यांनी खाली काढली.

अडचण एकच. भाता हलतोय तोवर पेटीचा सूर टिकतो. गिटारचा सूर चार-पाच सेकंदांत विरतो. म्हणून ताईंनी नांदेडच्या भावाकडून तीन पेडल आणली. तो ऑर्केस्ट्रात इलेक्ट्रिक गिटार वाजवायचा. पेडल म्हणजे साबणाच्या डबीएवढा पत्र्याचा डबा. गिटारची वायर एका बाजूनं आत, दुसऱ्या बाजूनं बाहेर. वरचं बटण पायानं दाबलं की आवाज बदलतो. एक पेडल ड्राइव्हचं, आवाज फाटका करणारं. दुसरं इकोचं. तिसरं होल्डचं, दाबाल त्या क्षणीचा सूर धरून ठेवणारं. ताईंनी तिन्ही जोडली, आणि श्रावणातल्या पहिल्याच सोमवारी महादेवाच्या देवळात स्पीकरनं अशी शिट्टी मारली की गुरवाच्या हातातली घंटी थांबली.

“ड्राइव्ह आधी काढा,” मी म्हणालो.

“भाऊ म्हणतो, त्याच्याबिगर दम न्हाई.”

“तुमच्या भावाची गिटार भरीव लाकडाची. ही पोकळ. ही स्पीकरचा आवाज ऐकते, स्वतः घुमते, तेच पुन्हा स्पीकरला देते. ड्राइव्ह त्यात तेल ओततंय.”

ताईंनी ड्राइव्ह पिशवीत टाकलं. मग मी इकोही काढलं, कारण देवळात इको फुकट असतो. आतला पिकअप, म्हणजे गिटारची थरथर पकडून वायरीत सोडणारी पट्टी, अशक्त होता. होल्डच्या आधी त्याला जोर देणारा एक छोटा प्रीअँप लावला. पेडलला वीज देणारा अॅडॉप्टर गुणगुणत होता, तो बदलला. शेवटी ताईंनी उभ्यानं तार छेडली, पायानं बटण दाबलं, आणि सा थांबला. म्हणजे राहिला. ताईंनी त्यावर एक ओळ गायली. मी स्वतःवर इतका खूश झालो की शनिवारी रिहर्सलला येतो म्हणालो. खरं सांगायचं तर कौतुक ऐकायला निघालो होतो.

शनिवारी देवळात सतरंजी अंथरलेली. बायका पिंडीकडे तोंड करून मांडी घालून बसलेल्या. ताईही बसल्या, गिटार मांडीवर घेतली, पेडल समोर ठेवलं. तार छेडली आणि बटण दाबायला उजवा पाय पुढे काढला.

“विजये!” आक्का कडाडल्या. महानंदा आक्का मंडळाच्या प्रमुख, वय सत्तरच्या पुढे, आवाज अजून खणखणीत. “देवाकडं पाय करून बसलीस व्हय गं?”

ताईंनी पाय आत घेतला. हातानं दाबून बघते म्हणाल्या. वाकताना त्यांच्या बांगड्या गिटारवर आपटल्या आणि बटण नेमकं तेव्हाच दाबलं गेलं. पेडलनं सा सोडून बांगड्यांची खळखळ धरली. ती खळखळ थांबेचना. देऊळभर पत्रा घासल्याचा आवाज.

“बंद कर ते,” आक्का म्हणाल्या. “शब्बीरभाई, तुमी दिलसे केलं, मान्य. पन हे भजनाचं काम न्हाई. मी कीबोर्डवाल्याला फोन लावते.”

मला मान वर करवेना. आमच्या घरात पेटीला हात लावण्याआधी गिऱ्हाइकाला विचारत, मांडी घालून वाजवणार की खुर्चीवर? त्यावर भाता हाताचा की पायाचा हे ठरायचं. तीस वर्षं या धंद्यात काढून मी एका भजनवाल्या बाईला उभं करून गिटार तपासली होती.

ताईंचा चेहरा लाल झाला होता, पण आवाज हलला नाही. “आक्का, टाळ मी वाजवणार न्हाई. बारा वर्सांनी ही हातात आली हाय. सोमवार सकाळपर्यंत थांबा. न्हाई जमलं तर मीच फोन लावते.”

आक्कांनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हणालो, “जमेल.” कसं, ते मला ठाऊक नव्हतं. गिटार आणि पेडल मी सोबत दुकानात घेऊन आलो.

रविवारी दुकान बंद ठेवून मी फरशीवर मांडी घातली आणि गिटार घेतली. दोन्ही हात तारांवर. पाय दुमडलेले. उजव्या मांडीवर गिटार. रिकामं काय राहिलं? डावा गुडघा. पेडलच्या मागे बाहेरचं बटण जोडायला एक सॉकेट होतं. मी प्लायवूडच्या दोन पातळ फळ्यांमध्ये बटण बसवलं वायर सॉकेटला नेली आणि फळ्या डाव्या गुडघ्याखाली सरकवल्या. गुडघा जरा दाबला की सूर धरला जाई, पुन्हा दाबला की सुटे. पण ठेका धरून मी डोललो की बटण आपोआप दाबलं जाई. ते फारच हलकं होतं. मग जुन्या पेटीच्या पट्ट्यांखालच्या स्प्रिंगा काढून फळ्यांमध्ये घातल्या. दोन घालून भागलं नाही, चार घातल्या. आता मुद्दाम दाबल्याशिवाय बटण हलेना. माझा गुडघा संध्याकाळपर्यंत सुजला होता.

सोमवारी सकाळी लवकर जाऊन स्पीकर गिटारच्या समोरून काढून लांब कोपऱ्यात नेला. फळी सतरंजीखाली सरकवली. विजयाताई बसल्या, पदर नीट केला, तार छेडली. गुडघा इतका कमी हलला की मलाही दिसला नाही. सा उभा राहिला. शिट्टी नाही, गुणगुण नाही. आक्कांनी क्षणभर कान दिला, डोळे मिटले आणि त्याच सुरावर पहिलं भजन उचललं.

पाच भजनं झाली. आरतीनंतर आक्का ताईंच्या पुढ्यात आल्या. गिटार पाहिली, डबा पाहिला, सतरंजीवरून हात फिरवला.

“कुटून दाबत व्हतीस गं? मला तर काय दिसलंच न्हाई.”

“मग कीबोर्डवाला?” ताईंनी विचारलं.

“त्याला कोन बोलवतंय?” आक्का म्हणाल्या. “तू पुढल्या सोमवारी येळंवर ये.”

दुकानाच्या फरशीवर आता कायम एक सतरंजी असते. कुणी वाद्य घेऊन आलं की वाद्याला हात लावण्याआधी मी म्हणतो, “बसा. वाजवताना रोज बसता तसं.”