आधीचं दळण

कोणी बाजरीचं पीठ चाळताना दिसलं, की ते प्रकरण मला आजही आठवतं. नव्वदच्या दशकाच्या अखेरीस लासलगावकडच्या एका ठाण्याचा मी प्रभारी होतो.

एका संध्याकाळी एक शेतकरी ओरडतच आत आला. दुपारची भाकरी खाऊन शेजारीच वेगळा राहणारा त्याचा थोरला भाऊ आणि त्या भावाकडे राहणारी आई उलट्यांनी बेजार झाले होते. दोघांना नाशिकच्या सिव्हिलमध्ये हलवलं होतं.

"वहिनीनंच इख कालवलं, साहेब. तिनं सोता घासबी नाय घेतला!"

वहिनीला बोलावलं. ती पुन्हा पुन्हा एकच सांगत होती, "माझा गुरुवारचा उपास व्हता, साहेब."

सासू किंवा नवरा दगावला असता तर तिच्यावर खुनाचा गुन्हा लागला असता. गावाने तर निकाल देऊनच टाकला होता.

पंचांसमोर पिठाचा डबा जप्त केला आणि नमुना सीलबंद करून प्रयोगशाळेकडे पाठवायची सोय केली. पण अहवाल यायला महिने लागत, आणि तोवर या बाईने कोठडीत बसायचं, हे मला पटेना. उरलेल्यातलं थोडं पीठ पंचांदेखतच वस्त्रगाळ केलं. बाजरीचं करडं पीठ खाली पडलं. फडक्यावर मक्याची पिवळी कणी उरली आणि तिच्यात गुलाबी टरफलं. ती ग्लासात टाकली, तर पाणी गुलाबी झालं. पेरायच्या मक्याला विषारी औषध लावतात, त्याचा तो रंग.

"घरात मका आहे?" मी वहिनीला विचारलं.

"नाय जी. निस्ती बाजरी."

गिरणीच्या दगडांत आधीच्याचं थोडं पीठ राहतं आणि पुढच्याच्या डब्यात पडतं, हे कोणत्याही घरात ठाऊक असतं. गिरणीवाल्याला गाठून सरळ विचारलं, "या बाईच्या बाजरीआधी कोणाचं दळण होतं?"

तो चाचरला. "हिचा दीरच की. कोंबड्यांसाठी मका दळला त्यानं."

चोराच्या उलट्या बोंबा! दिरापुढे ग्लास ठेवला आणि विचारलं, "कोंबड्या कशा आहेत?"

"मेल्या... सकाळीच पुरल्या."

उरलेलं बियाणं वाया जाऊ नये म्हणून त्याने ते दळलं होतं. हेतू वाईट नव्हता. पण आई आडवी पडताच त्याला सगळं उमगलं होतं, तरी त्याने वहिनीकडे बोट दाखवलं. त्याचा मला अजून संताप येतो. त्याच्या घरातली बियाण्याची पिशवी आणून औषधाचं नाव सिव्हिलच्या डॉक्टरांना फोनवर कळवलं. दोघंही वाचले.

बरी झाल्यावर सासू सुनेचा हात धरून ठाण्यात आली. म्हणाली, "इख चुकून पडलं, साहेब. पन पोरानं हिला जानूनबुजून मारली असती."

त्यानंतर कोणी माझ्यासमोर गुन्हेगार आयता आणून उभा केला, की मी आधी आणणाऱ्यालाच बसवून घ्यायचो.