ह्येका नको

ओरोसच्या कचेरीत पुण्याहून साहेब आले की त्यांना मालवण फिरवायचं काम माझ्याकडे येतं. मी इथला आहे आणि तरी इथल्यासारखा बोलत नाही, हा माझा गुण समजला जातो. मीही तसंच समजत होतो.

गेल्या हिवाळ्यातले साहेब सहकुटुंब आले. ते, मॅडम, कॉलेजातली दोन मुलं, आणि पाचवा मी. मालवणच्या जेटीवर मॅडमनी किल्ल्याकडे पाठ करून किल्ल्याचे फोटो काढले. साहेब समुद्राकडे बघून "पोटेन्शियल आहे" म्हणाले, फाइलवर शेरा मारावा तसे. बाजारात खाजं खाल्लं, कोकम सरबत प्यायलो. सगळंच त्यांना ऑथेंटिक वाटलं. मी दर वाक्याला "हो ना, सर" म्हणत होतो. त्यांना हसायचा मला अधिकार नाही. तरी हसतोय.

जेवायला मी तारकर्लीचं एसी हॉटेल ठरवलं होतं. मॅडमनी मोबाइल पुढे केला. देवबागात एक घरगुती खानावळ आहे, लोकांनी भरभरून तारे दिलेत, तिथेच जायचं. फोटोतलं अंगण मी ओळखलं. ती खानावळ माझ्या थोरल्या बहिणीची.

अडचण अशी, की कचेरीत मी बहिणीचं 'रिसॉर्ट' आहे असं सांगून ठेवलं होतं. खाडीकाठी रिसॉर्ट. प्रत्यक्षात पत्र्याची पडवी, सहा प्लास्टिकची टेबलं आणि मागे चुलीपाशी ती. आई गेल्यावर तिने शाळा सोडून मला वाढवलं, हे तर मी कुणालाच सांगितलं नव्हतं. गाडीत सांगता आलं असतं. देवबागचा रस्ता अरुंद, समोरून गाडी आली की थांबावं लागतं. आम्ही चारदा थांबलो.

ती दारात आली. मला बघून तिचं तोंड फुललं, तेवढ्यात मी शुद्ध मराठीत विचारलं, "ताई, पाच ताटं मिळतील का?"

तिला मी जन्मात ताई म्हटलेलं नाही. आमच्यात थोरलीला बाय म्हणतात. ताई म्हणजे एसटीत सरकून बसायला सांगतो ती कुणीही बाई.

"मिळतील. बसा, साहेब."

सुरमई आली, बांगड्याचं तिखलं आलं. अशा लोकांना मार्केटिंग कळत नाही, हे साहेबांनी मुलांना तिच्यासमोरच समजावलं. मग ती तिसऱ्यांचं, म्हणजे शिंपल्यांचं, सुकं घेऊन आली. चौघांना वाढलं आणि वळली. माझं ताट राहिलं, हे साहेबांच्या मुलाने तिला दाखवून दिलं. तिच्या तोंडून सवयीने गेलं, "ह्येका नको. शिंपल्यातला काय खाल्ल्यान तर ह्येच्या आंगार पित्त उठता."

मॅडम हसल्या. कोकणात सगळ्यांनाच अरेतुरे करतात, किती निर्मळ माणसं, असं त्यांनी मला समजावलं. मला, इथल्या माणसाला. मी मान डोलावली. साहेबांना मात्र चौकशीची सवय. यांना पित्त उठतं हे तुम्हाला कसं ठाऊक, असं त्यांनी तिला विचारलं.

उत्तर मी द्यायचं होतं. तिने माझ्याकडे पाहिलं, पुरेसा वेळ पाहिलं. मी सोलकढीची वाटी तोंडाला लावली आणि संपली तरी खाली ठेवली नाही.

"साहेब मागे एकदा जेवून गेलेत," ती म्हणाली. कचेरीत बोलावी तशी स्वच्छ मराठी. "तेव्हा त्यांनीच सांगितलं होतं."

नंतर आम्ही संगमावर गेलो, नदी समुद्राला मिळते तिथे. इथे माणसाला स्वतःची ओळख पटते, असं मॅडम म्हणाल्या. मी त्यांचा फोटो काढला.

पुढच्या रविवारी एकटा गेलो. आम्ही घरचे मागच्या दाराने थेट चुलीपाशी जातो. त्या दाराला आतून कडी होती. वळसा घालून पडवीत आलो. माफीची दोन वाक्यं ओरोसपासून घोकत आणली होती. ती ताटं घेऊन बाहेर आली.

"किती जणं, साहेब?" तिने विचारलं. चेष्टेचा मागमूस नव्हता.

"बाय," मी म्हटलं, "एकटोच आसंय."

तिने कोपऱ्यातलं टेबल पुसलं आणि माझ्यापुढे सीलबंद पाण्याची बाटली ठेवली.