मागितल्याशिवाय द्यायचं नाही

ऑपरेशन थिएटरमध्ये चौतीस वर्षं काढलेल्या बाईचा हात कसा चालतो हे पाहायचं असेल, तर मोठ्या सिस्टरांना एकदा जेवायला बोलवावं. समोरच्याने नुसती मान वळवली की पाण्याचा पेला त्याच्यापुढे येतो. शिंक यायच्या आधी रुमाल हजर. थिएटरात सर्जनने हात पुढे केला की हवी ती कात्री त्यावर पडलेली असे, शब्द मागाहून येई. पुष्कळ सर्जन तर शब्द खर्चच करत नसत. "आमच्या घरात मागणं हा प्रकारच बंद झालाय," असं त्यांचे यजमान म्हणत, आणि त्यात निम्मं कौतुक नि निम्मी तक्रार असे.

निवृत्तीनंतर दोन वर्षं हा सगळा झरा घरावरच वाहिला. शेवटी सून हसत हसत म्हणाली, "आई, माझ्या चहात साखर मी घालते हो!" त्याच आठवड्यात जुन्या हॉस्पिटलातून भूल विभागाच्या मॅडमचा फोन आला, तो देवासारखा.

मॅडमनी तिसऱ्या मजल्यावर एक खोटं थिएटर उभं केलं होतं. टेबल खरं, दिवे खरे, मॉनिटर खरा. पेशंट तेवढा रबरी. तो श्वास घेई, त्याची नाडी हाताला लागे, आणि काचेपलीकडे बसलेला तंत्रज्ञ त्याच्या वतीने कण्हतही असे. तंत्रज्ञाने त्याला 'जावईबापू' म्हणायला सुरुवात केली होती. "नुसते पडून राहतात, चार माणसं भोवती नाचतात, आणि जरा कुठे कमी पडलं की लगेच तोंड काळंनिळं!"

भूलतज्ज्ञ होऊ घातलेले डॉक्टर इथे येत, ते नळी घालायला किंवा सुई टोचायला शिकायला नव्हे. ते त्यांना येतच होतं. शिकायचं होतं ते वेगळंच: अडचण आली की कोणाला हाक मारायची, काम कसं वाटून द्यायचं, गडबडीत डोकं कसं जागेवर ठेवायचं.

सिस्टरांना नर्सचंच काम दिलं होतं.

"म्हणजे मी मीच व्हायचं?" त्यांनी विचारलं.

"हो. फक्त एक पथ्य. मागितल्याशिवाय द्यायचं नाही, विचारल्याशिवाय बोलायचं नाही."

"एवढंच ना!"

पहिल्या मंगळवारी शिकाऊ डॉक्टरीणबाईंनी तोंड उघडायच्या आत भरलेली सिरिंज त्यांच्या हातात होती. दुसऱ्या मंगळवारी तर डॉक्टर गोंधळून उभाच राहिला. औषध आलं, ऑक्सिजन वाढला, मदतीला फोनसुद्धा गेला आणि चार मिनिटांत पेशंट ठणठणीत. "जावईबापूंना सासूबाईंनी वाचवलं!" तंत्रज्ञ काचेमागून ओरडला. सिस्टरांनाही हसू आलं. मॅडम मात्र हसल्या नाहीत. त्यांनी सिस्टरांना बाजूला घेतलं.

"सिस्टर, परीक्षा त्यांची आणि पास तुम्ही होताय. उद्या खऱ्या टेबलाशी नवखी सिस्टर असली की ही मुलं काय करणार? पुढच्या मंगळवारी पुन्हा असं झालं, तर मला दुसरं माणूस बघावं लागेल. नाटक मंडळीतली एक मुलगी तयार आहे."

"तिला औषधाची अँप्यूल फोडता येते का?"

"नाही. म्हणूनच ती बरी."

हे फार लागलं. काम वाईट केलं म्हणून बोलणी खाल्ली असती तर गोष्ट वेगळी. इथे हात चांगला म्हणून जागा जायची वेळ आली होती. आणि ही जागा त्यांना हवी होती. मंगळवारी सकाळी एप्रनला इस्त्री करताना त्या गुणगुणत, हे सुनेनेसुद्धा ओळखलं होतं.

मग आठवडाभर सराव. यजमान घरभर किल्ली शोधत फिरले. ती त्यांच्याच शर्टाच्या खिशात होती. सिस्टर दोन्ही हात मांडीखाली घेऊन खुर्चीवर बसून राहिल्या. अकरा मिनिटांनी किल्ली सापडली.

"तुला ठाऊक होतं?"

"तुम्ही विचारलंत का?"

तिसऱ्या मंगळवारी पाळी होती सगळे 'मौनीबाबा' म्हणत त्या शिकाऊ डॉक्टरची. उंच, सडपातळ, हाताला सोन्यासारखं वळण. पण आवाज मास्कच्या बाहेर पडत नसे. सोबत त्याच्याच वर्षाची एक मैत्रीण होती. पुढच्या महिन्यापासून तातडीच्या ऑपरेशनांना त्यालाच उभं राहायचं होतं.

ऑपरेशन सुरू होऊन पाच मिनिटं झाली आणि जावईबापूंचा रक्तदाब घसरला. छाती आवळली, श्वास आत जाईना. सिस्टरांच्या ध्यानात तत्क्षणी आलं: स्टँडवर जी अँटिबायोटिकची छोटी बाटली नुकतीच लावली होती, ती सोसली नव्हती. आणि ती अजून थेंब थेंब चालूच होती! शब्द दातापर्यंत आले. त्यांनी पाठीमागे एका हाताने दुसऱ्या हाताचं मनगट पकडलं.

"अॅड्रेनलिन..." मौनीबाबा छताकडे पाहून पुटपुटला. कोणी हललं नाही. "कोणीतरी मदत बोलवा." ते कोणीतरी काही आलं नाही. मॉनिटरचा सूर खाली खाली जाऊ लागला. सिस्टरांना घाम फुटला. पेशंट रबराचा आहे हे त्यांच्या घामाला कोणी सांगितलं नव्हतं.

मग मुलाने मॉनिटरवरची नजर काढली आणि माणसांकडे वळवली.

"तू फोन कर, मॅडमना बोलाव. सिस्टर, तुम्ही अॅड्रेनलिन द्या. दहापट पातळ केलेलं, अर्धा मिली."

"दहापट पातळ, अर्धा मिली," सिस्टर म्हणाल्या, आणि हात असा सुटला की बस्स! दाब चढला. मिनिटभरात पुन्हा उतरला. मुलाने सलाइन जोरात सोडलं, ऑक्सिजन पुरा केला, तरी उतरतोच आहे. तो थांबला. सिस्टरांकडे पाहिलं.

"सिस्टर, माझं काहीतरी राहतंय. तुम्हाला काय दिसतंय?"

चौतीस वर्षांत त्यांच्याकडे कात्री मागितली होती, चिमटा मागितला होता, कधीमधी माफीही. हे कोणी मागितलं नव्हतं.

"ती छोटी बाटली," त्या म्हणाल्या. "अजून चालू आहे, डॉक्टर."

त्याने झेप घालून बाटली बंद केली. दाब चढला, आणि या वेळी टिकला.

नंतर सगळे शेजारच्या खोलीत झाल्या प्रसंगाचं कॅमेऱ्यातलं चित्रण बघायला बसले. मॅडमनी ते मध्येच थांबवलं. "इथे तुला सिस्टरांना विचारावंसं का वाटलं?"

मौनीबाबा चाचरला. "मॅडम, खरं सांगू? त्यांचा चेहरा. तोंडात गरम घास घेतल्यासारखा झाला होता. म्हटलं, यांना काहीतरी माहीत आहे."

सगळे खो खो हसले. सिस्टरांनी मात्र एप्रनच्या गाठीला हात घातला. हात आवरले, जीभ आवरली, आणि चेहऱ्याने घात केला!

"मॅडम, चेहऱ्याचं माझ्या लक्षातच आलं नाही," त्या उठत म्हणाल्या. "त्या नाटकातल्या मुलीला कळवा खुशाल."

"बसा हो सिस्टर! ती असा चेहरा कुठून आणणार?" मॅडम म्हणाल्या. "प्रत्येक टेबलाशी असा चेहरा करून गप्प उभं असलेलं कोणीतरी असतंच. त्याच्याकडे बघायला शिकवायचं तर तो चेहरा खरा नको? वर्षभराचे सगळे मंगळवार तुमचे."

सिस्टर बसल्या. मौनीबाबा, आपणहून आणि खणखणीत आवाजात, म्हणाला, "सिस्टर, पाणी आणू?"

"आण बाबा," सिस्टर म्हणाल्या. "आणि दोन पेले आण. तुलाही लागेल."