रुमालाखालचा हात

आमचे थोरले भाऊजी कुणाच्याही घरी गेले की "या, बसा" व्हायच्या आत खिडक्या उघडायचे. घरधन्याला विचारणं वगैरे भानगड नाही. सरळ जाऊन कडी काढणार, दोन्ही फळ्या भिंतीला टेकवणार आणि मग वळून म्हणणार, "हं, आता बोला." बाळंतिणीच्या खोलीत त्यांनी हा उद्योग दोनदा केला आणि दोन्ही वेळा म्हाताऱ्यांनी त्यांना हाकलून लावलं. भाऊजींना त्याचं काही नाही. जाता जाता म्हणायचे, "पोर गुदमरेल हो तुमचं." ते तसं का म्हणतात हे मला ठाऊक होतं, म्हणून मला कधी हसू आलं नाही.

मी लग्न होऊन सांगलीत आले तेव्हा भाऊजी हळदीचे मोठे व्यापारी होते. हळकुंड कानाजवळ धरून मोडायचे आणि नुसत्या आवाजावरून सांगायचे, हे वाईकडचं, हे कडेगावकडचं. बायको फार पूर्वी गेलेली, मूलबाळ नाही. त्यांच्याहून बारा वर्षांनी लहान असलेला भाऊ, म्हणजे आमचे हे, तेच त्यांचं सगळं. पेठेत तेव्हा भाव तोंडानं बोलायची रीत नव्हती. दोघांनी हात हातात घ्यायचे, वर रुमाल टाकायचा आणि आत बोटं दाबून भाव ठरवायचा. रुमालाखाली जे ठरलं ते ठरलं. बाहेर त्याचा उच्चारसुद्धा करायचा नाही. पटलं नाही तर हात काढून घ्यायचा, तोंडानं नाही म्हणायचं नाही. भाऊजी म्हणायचे, "माणसाचं तोंड वाटेल ते बोलेल. बोटांना खोटं बोलता येत नाही." आमच्या ह्यांनी ती विद्या मलाही शिकवली होती. पाहुण्यांसमोर भाकरी मागायला लाजायचे, म्हणून पदराखाली माझी तीन बोटं दाबायचे. तीन बोटं, तीन भाकऱ्या. सासूबाई म्हणायच्या, काय चाललंय पोरांचं कोण जाणे.

हळद ठेवायची ती हरिपूरच्या पेवांत. पेव म्हणजे जमिनीतली खोल कोठी, वर माणूस उतरेल एवढंच तोंड. महिनोन्‌महिने बंद असलेल्या पेवात हवा विषारी होते, म्हणून तोंड उघडून ठेवायचं आणि मग दोरीनं कंदील आत सोडायचा. कंदील विझला तर माणूस उतरवायचा नाही. हे शेंबड्या पोरालाही माहीत. एके दिवशी गिऱ्हाईक बाहेरगावचं, घाईत होतं, आभाळही भरून आलं होतं. ज्ञानू हमाल म्हणाला, "शेठ, कंदील सोडून बगू या की. आत वारं कोंडलंय." भाऊजी म्हणाले, "अरे, तासभर झालाय उघडून. उतर तू." ज्ञानू उतरला. खालून एकदा "व्हय" एवढं ऐकू आलं आणि मग काहीच नाही. कमरेला बांधलेल्या दोरानं त्याला वर काढला तेव्हा त्याच्या तोंडावर हळद होती आणि श्वास नव्हता.

त्या दिवसानंतर भाऊजी पेठेत गेले नाहीत. दुकान ह्यांच्या हाती दिलं आणि पुण्याच्या बाजूला एका निसर्गोपचारवाल्या म्हाताऱ्याकडे सहा महिने राहून आले. परत आले ते सांगलीला नाही. साताऱ्याबाहेर, माहुलीच्या रस्त्याला त्यांनी एक पत्र्याची शेड घेतली. आत चार खाटा, दोन टब, नदीकाठच्या मातीचा ढीग. भिंतींना खिडक्याच खिडक्या. एका गवंड्यानं म्हणे विचारलं होतं की यात भिंत कुठं घालू? लढाईचे दिवस, रॉकेल मिळेना, साखर मिळेना. भाऊजी म्हणाले, "बरंच झालं. माझ्या रोग्यांना दोन्ही नकोच आहेत." सांगलीच्या पेठेत त्यांचं नाव चिखलशेठ पडलं.

पोटावर ओल्या मातीची पट्टी, थंड पाण्यात कंबरेपर्यंत बसणं, उपास, पालेभाजीचं पाणी आणि पहाटे अनवाणी दंवात चालणं, एवढाच त्यांचा दवाखाना. एकदा वडूजकडचा एक पेन्शनर सुभेदार आला, पोटाच्या तक्रारीनं हैराण. पट्टी बांधून घेताना म्हणाला, "आवं शेठ, माती घालून मला रान समजलाय व्हय? आता पेरनी बी करून टाका." भाऊजी गंभीरपणे म्हणाले, "आधी तण काढू या, सुभेदार." पंधरा दिवसांनी सुभेदार बरा होऊन गेला आणि पुढच्या सुगीला ज्वारीचं पोतं घेऊन आला. असे थोडे बरे झाले, थोडे पळून गेले. रोगी तपासताना भाऊजी त्याच्या पोटावर उपरणं टाकायचे, त्याखाली हात घालायचे आणि डोळे मिटायचे. मी एकदा म्हटलं, "भाऊजी, भाव ठरला का?" तर हसले. शेडमध्ये त्यांना हसताना मी तेवढं एकदाच पाहिलं.

मग आमच्या ह्यांचा खोकला सुरू झाला. मिरजेच्या डॉक्टरांनी छाती तपासली आणि मला बाजूला घेऊन क्षय असल्याचं सांगितलं. विश्रांती, दूध, अंडी, क्षयाच्या रोग्यांसाठी वेगळ्या बांधलेल्या खोल्या, हे सगळं सांगून झाल्यावर ते प्रामाणिकपणे म्हणाले, "बाई, खात्रीचं औषध आमच्याकडेही नाही." ह्यांनी एवढंच वाक्य उचललं. "नाहीच ना औषध? मग मी अण्णाकडे जातो." भाऊजींना हे अण्णा म्हणायचे. मी विरोध केला नाही. मलाही भाऊजींचा आधार वाटत होता, हे आता नाकारण्यात अर्थ नाही.

पहिले तीन आठवडे आम्ही वेड्यासारखे आनंदात होतो. ताप उतरला. सकाळच्या उन्हात खाट टाकून हे पडायचे आणि भाऊजी शेजारी बसून भाजीचं पाणी चमच्यानं पाजायचे. "रंग बघ इंदू, कसा उजळलाय," असं मला रोज सांगायचे. मी रंग बघत नव्हते. मी ह्यांच्या मनगटाचं हाड बघत होते. ते रोज थोडं जास्त वर येत होतं. शेवटी एकदा न राहवून बोलले, "भाऊजी, पेवाच्या तोंडाशी माल नेहमी चांगलाच असतो. तळाला काय आहे ते बघितलंत का?" त्यांच्या हातातला चमचा तसाच राहिला. असं मी बोलायला नको होतं. पण बोलले, आणि चार दिवसांनी ह्यांच्या खोकल्यातून रक्त पडलं.

मी ट्रंक भरली. सकाळी कोरेगाव स्टेशनला जायला टांगा सांगितला. दुपारच्या गाडीनं मिरज गाठायची आणि त्या खोल्यांत तरी ठेवायचं, असं ठरवलं. भाऊजी दारात उभे होते, एका शब्दानं अडवत नव्हते. टांगा आला. हे खाटेवर उठून बसले आणि म्हणाले, "अण्णा, रुमाल काढ." भाऊजींना कळेना. "काढ की. मला तुझ्याकडून भाव पाहिजे. किती राहिलंय ते सांग, मग मी ठरवतो जायचं का ते."

भाऊजींनी खांद्यावरचं उपरणं काढलं आणि दोघांच्या हातांवर टाकलं. मला फक्त वरचं कापड हललेलं दिसलं. मग ह्यांच्या तोंडावर असं हसू आलं, जसं पेठेतून चांगला सौदा करून आल्यावर यायचं. माझ्याकडे बघून म्हणाले, "ट्रंक सोड इंदू. अण्णानं लय चांगला भाव दिलाय."

बाहेर टांगेवाला ओरडत होता, "आवं बाई, गाडी चुकंल की. येनार हाय का न्हाई?" मी ह्यांच्या तोंडाकडे पाहिलं. मग भाऊजींच्या हाताकडे, ज्या हातानं उभ्या पेठेत कधी कुणाला फसवलं नव्हतं. आणि मी बाहेर जाऊन टांगा परत पाठवला. मीच पाठवला.

नवव्या दिवशी सकाळी हे गेले. शेडच्या सगळ्या खिडक्या उघड्या होत्या.

तेराव्याला मी भाऊजींना विचारलं की काय सांगितलं होतं. ते म्हणाले, "रुमालाखालचं बाहेर बोलत नाहीत." मी पुन्हा विचारलं नाही. शेड त्यांनी विकली. टब कुणीतरी म्हशींना पाणी पाजायला नेले. सांगलीला येऊन ते आमच्या मागच्या खोलीत राहू लागले आणि त्या खोलीची खिडकी त्यांनी उघडली नाही. मी उघडायची, ते उठून लावायचे.

दोन-तीन वर्षांनी क्षयावर नवीन इंजेक्शनं आल्याचं ऐकू आलं. आमच्या गल्लीतली एक क्षयाची मुलगी त्या इंजेक्शनांनी उठून बसली, घरात चालायला लागली. तिची आई पेढे घेऊन आली. पेढे मी तसेच फळीवर ठेवून दिले. त्या दुपारी भाऊजी माझ्यासमोर येऊन बसले. उपरणं काढून त्यांनी माझ्या हातावर टाकलं आणि आतून माझी बोटं धरली, एक, दोन, तीन, चार, पाच. सगळा पंजा.

"पाच वर्षं म्हणालो मी त्याला," ते म्हणाले. "मला पाच दिवससुद्धा दिसत नव्हते गं. मिरजेपर्यंतचा प्रवास त्याला झेपला नसता असं वाटलं. मरेल तर माझ्याजवळ मरू दे, असंही वाटलं. खरं कुठलं ते मलाही सांगता येत नाही."

"आणि ते? त्यांनी विश्वास ठेवला?"

"माझी बोटं कापत होती. तो जन्मभर हाच हात धरत आलेला. त्याला कळलं नाही असं होईल का? फसवतोय म्हटल्यावर गिऱ्हाईक हात काढून घेतं, इंदू. त्यानं काढला नाही. उलट घट्ट दाबला."

म्हणजे दोघा भावांनी मिळून मला तो भाव सांगितला होता. आणि टांगा मी परत पाठवला होता.

मी माझा हात काढून घेतला. भाऊजींनी उपरण्याची घडी केली, खांद्यावर टाकली आणि ते आपल्या खोलीत गेले. पुढे वर्षभर होते. मी वेळेवर जेवायला वाढलं, आजारपण काढलं, कशात कमी केलं नाही. पण त्या दुपारी आणखी थोडा वेळ माझा हात त्या उपरण्याखाली ठेवायला हवा होता. तेवढं मला जमलं नाही.