जेवताना ऐकलेलं

वडील चाकणच्या एका कंपनीत कायम कामगार. त्यांच्याच लाइनवर एक काका कंत्राटी होते. कंत्राटी माणूस कायम होऊ नये म्हणून सहा-सात महिन्यांनी त्याला ‘ब्रेक’ देतात. म्हणजे घरी बसवतात आणि मर्जी झाली तर परत बोलावतात. काकांना तिसऱ्यांदा ब्रेक मिळाला, हे वडिलांनी जेवताना सांगितलं. सांगताना त्यांचा घास हातातच राहिला.

काकांचा मुलगा समोरच्या कॉलेजच्या बास्केटबॉल टीमचा कॅप्टन. मी आमच्या कॉलेजच्या टीममध्ये. तो माझ्यापेक्षा चांगला खेळायचा, आणि ते मला सहन होत नव्हतं. गेल्या वर्षी आम्हाला हरवून त्यांची पोरं आमच्या गेटसमोर नाचली होती. म्हणून यंदा त्यांच्याशी मॅच होती, तिच्या आदल्या दिवशी मी मोठा शहाणा, ते ब्रेकचं आमच्या पोरांना सांगून बसलो.

मॅचला वडील पहिल्यांदाच आले, फर्स्ट शिफ्ट करून, कंपनीच्या शर्टातच. सोबत काका. “घरी बसून काय करणार? म्हटलं, चला, पोरांचा खेळ बघू,” वडील म्हणाले. मी आमच्या पोरांकडे वळलो. तेवढ्यात शिट्टी वाजली.

माझं खेळात लक्षच नव्हतं. पाच फाउल झाले, मी मॅचमधून बाद होऊन बाकावर आलो. शेवटच्या मिनिटाला आम्ही एका गुणाने पुढे, आणि काकांच्या मुलाला दोन फ्री थ्रो मिळाले. तो रेषेवर उभा राहिला तशी आमची बाजू टाळ्यांच्या ठेक्यावर ओरडायला लागली, “बापाला ब्रेक! बापाला ब्रेक!”

“अरे, त्याचे वडील बसलेत तिथं, थांबवा!” मी शेजारच्याला म्हणालो.

“भावा, तूच तर सांगितलंस.”

मी उठून “गप्प बसा” म्हणून ओरडलो. त्या गोंगाटात काय ऐकू जाणार? समोरून वडील बघत होते. त्यांना मी फक्त ओरडताना दिसलो.

दोन्ही बॉल रिंगला लागून बाहेर गेले. आम्ही जिंकलो. “मॅच तूच काढलीस राव,” म्हणत पोरांनी मला खांद्यावर घेतलं. मी सुटायला धडपडत होतो. वरून दिसलं, काका खाली मान घालून गेटकडे निघाले होते आणि वडील त्यांच्या मागे, चार पावलं अंतर ठेवून.

घरी वडिलांना काय सांगायचं, ते मी मनात जुळवत होतो. मी थांबवायला ओरडत होतो, हे खरं होतं. पण सांगितलंही मीच होतं. जेवताना आईने नेहमीसारखं विचारलं, “काय म्हणते कंपनी?”

वडिलांनी माझ्याकडे पाहिलं. “काही नाही. भाजी वाढ.”

आता आमच्याकडे जेवताना टीव्ही लावतात.