किल्लीच्या जागी बटण

पापनाशमच्या शाळेत मी भौतिकशास्त्र शिकवते. घर तंजावुरात, राजवाड्यामागच्या गल्लीत. शाळेला जाणं-येणं मोटरसायकलवर. सुरुवातीला लोक वळून बघायचे, मग सवय झाली. चुडीदारावर जुना शर्ट, डोक्यावर हेल्मेट, पाठीमागे कॅरियरला बांधलेली पिशवी, अशी मी त्या रस्त्यावरच्या बसवाल्यांच्याही ओळखीची झाले.

मग उजव्या अंगठ्याच्या मुळाशी दुखायला लागलं. डॉक्टरांनी फोटो काढून सांगितलं, सांधा झिजलाय. मूठ वळत होती, ब्रेक दाबता येत होता, तळव्याने अ‍ॅक्सिलरेटर फिरवता येत होता. चिमटीत धरून पिळायचं काम तेवढं करू नका, असं ते म्हणाले. मोटरसायकलची किल्ली फिरवणं म्हणजे नेमकं तेच काम. रोज सकाळी गल्लीत उभी राहून मी ती फिरवायची आणि कळ कोपरापर्यंत जायची. डाव्या हाताने करू लागले, तर काही महिन्यांत तोही अंगठा कुरकुरू लागला.

आमचे हे दातांच्या कवळ्या तयार करतात. दवाखान्यांतून साचे येतात, आणि हे घराच्या पुढच्या खोलीत दिवसभर बसून कोणाकोणाच्या हिरड्या, दाढा घडवत असतात. त्यांनी किल्लीच्या डोक्याभोवती कवळीच्या गुलाबी मसाल्याची लांबट मूठ बसवून दिली. सगळ्या बोटांनी धरून ती फिरवता येई. शिक्षकांच्या खोलीत ती मूठ बघून सगळे हसले, मीही हसले, पण काम झालं. एका संध्याकाळी शाळेच्या शेडमध्ये जोर जास्त लागला असावा. किल्लीचं पातं कुलपात तुटून राहिलं आणि गुलाबी मूठ माझ्या हातात आली.

मेकॅनिकने दुसऱ्या दिवशी वायरी जोडून गाडी कशीबशी तंजावुरात आणली. नवीन लॉक घालतो म्हणाला. मी म्हटलं, "लॉक नको. किल्लीशिवाय चालू होईल असं काही घाला."

"वेण्डाम, टीचर, नको," तो म्हणाला. "कंपनीची वायरिंग मी कापणार नाही. उद्या काही झालं तर माझं नाव येईल. तुम्ही स्कूटर घ्या, आता किल्लीविना चालणाऱ्या येतात."

त्याचं म्हणणं चुकीचं नव्हतं. जाऊबाईंनी तेच सांगितलं, मुख्याध्यापिकांनी बसचा पास काढायला सुचवलं. मी आठवडाभर बसने गेले. उभं राहायचं तर वरची दांडी धरावी लागते, आणि प्रत्येक ब्रेकला सगळा भार अंगठ्यावरच येतो. शनिवारी घरी येऊन मी मोबाइलवर शोधून एक संच मागवला. त्यात एक छोटी डबी होती, ती सीटखाली बसवायची. एक बिल्ल्यासारखा टॅग, तो आपल्यापाशी ठेवायचा. आणि एक बटण. टॅग जवळ असेल तर बटण दाबलं की गाडीचा प्रवाह सुरू.

सर्किट मला समजत होतं. पण वायर सोलायला, पीळ द्यायला, बारीक स्क्रू धरायला अंगठा लागतो. म्हणून मी ह्यांच्याकडे गेले.

हे विजेला भितात. लहानपणी मिक्सरचा झटका बसला होता, तेव्हापासून घरातला बल्बसुद्धा मीच बदलत आलेय. दोन दिवस त्यांनी विषय टाळला. तिसऱ्या दिवशी ओट्यावर गोणपाट अंथरून बसले आणि म्हणाले, "बॅटरी सोडवलीस कां?"

"सोडवली."

"दोन्ही वायरी?"

"दोन्ही. बारा व्होल्ट आहेत, तुम्हांला काही होणार नाही."

"तें तूं सांगतेस. मी हात लावणार आहें." तरी त्यांनी हात लावला. दातांच्या कामाने त्यांची बोटं फार स्थिर आहेत. मी वायरींचे रंग वाचायची, कुठली कुठे ते सांगायची. हे सोलायचे, डाग द्यायचे, त्यावर नळी चढवायचे. प्रत्येक जोडाला पांढऱ्या पट्टीवर चिठ्ठी लावली. चिठ्ठ्या मराठीतच, पण तमिळ अक्षरांत, कारण तमिळ शाळेत शिकलेल्या ह्यांना देवनागरी वाचता येत नाही. जुनं कुलूप काढून त्याच जागी लिफ्टला असतं तसलं मोठं बटण बसवलं. ते तळव्याने दाबता यायचं. मी दाबलं. मीटरवरचा दिवा लागला, स्टार्टर फिरला, इंजिन चालू झालं. ह्यांनी हात झटकून माझ्याकडे बघितलं आणि आत जाऊन कॉफी करून आणली. पेट्रोलच्या झाकणाला जोडीतली दुसरी किल्ली लागायचीच, पण ते पंपावरचा माणूस उघडून देई.

महिनाभर सगळं नीट चाललं. मग एका सकाळी, अय्यमपेट्टै मागे टाकून मी भातशेतांमधल्या सरळ रस्त्यावर होते. मागे टाउन बस होती. आणि चालती गाडी एकदम बंद पडली. आवाज थांबला, मीटर काळं झालं, गाडी जड झाली. बसचा हॉर्न अगदी पाठीशी वाजला. मी क्लच दाबून तिला कडेच्या मातीवर घेतलं. बस गेली. स्टँड लावून मी उतरले.

बटण दाबलं, काही नाही. बॅटरी, फ्यूज बघितला, ठीक. तेव्हा टॅग आठवला. तो पिशवीत होता. त्या दिवशी भाताबरोबर सांबार न्यायचं म्हणून मी स्टीलचा मोठा डबा घेतला होता, आणि टॅग घसरून डबा आणि पिशवीतली स्टीलची बाटली यांच्या मध्ये गेला होता. धातूआड लहरी अडतात, हे मी दरवर्षी वर्गात शिकवते. टॅग काढून हातात धरला, बटण दाबलं, गाडी सुरू झाली. तशीच हळूहळू शाळेत पोचले आणि पहिल्या तासाला मुलींना वाचायला सांगून खुर्चीत बसून राहिले.

संध्याकाळी ह्यांना सगळं सांगितलं. बसचा हॉर्नही सांगितला. ह्यांनी हातातली कवळी खाली ठेवली.

"काढून टाकूं," ते म्हणाले. "आतांच काढूं. गाडी विकून टाक."

"नाही."

"अगे, मागची बस अंगावर आली असती तर?"

"आली असती तर वाईट झालं असतं. म्हणून तर चूक कुठे आहे ते बघायला हवं. टॅग दूर गेला की प्रवाह तुटतो, असं त्या डबीचं आहे. चोरी होऊ नये म्हणून तसं केलंय. ते बदलता येतं."

"तुला एवढं काय आहे त्या वण्डीत?"

मी म्हटलं, "कणीक तुम्ही मळता. बरणी शेजारची उघडून देते. नारळ मी खवत नाही, फळ्यावर लिहायला मुली उठतात. मी काही बोलले का? सगळं दिलं. पण सकाळी इथून निघून माझी मी तिथे पोचते, ते देणार नाही. अंगठा तेही मागेल तेव्हा बघेन. आता मागतंय ते नुसतं बटण, त्याला कसं देऊ?"

ह्यांनी कवळी पुन्हा हातात घेतली. झोपण्याआधी म्हणाले, "उद्यां चित्र काढ."

दुसऱ्या दिवशी मी वायरींच्या जोडणीचं चित्र काढलं. त्यात आणखी एक रिले होता. रिले म्हणजे विजेने ओढला जाणारा स्विच. टॅग जवळ असताना बटण दाबलं की तो ओढला जाईल, आणि एकदा ओढला गेला की स्वतःच्याच संपर्कातून स्वतःला धरून ठेवील. मग टॅग असो नसो. प्रवाह तुटेल तो फक्त वेगळं, बंद करायचं बटण दाबलं तरच. ह्यांना ते तीनदा समजावून सांगावं लागलं. तिसऱ्या वेळी म्हणाले, "म्हणजे चालू करतांना विचारायचं, चालतांना विचारायचं नाहीं."

"तेच."

"मग आधी असं कां नाहीं केलं त्यांनीं?"

"त्यांनी चोराचा विचार केला, चालवणाऱ्याचा नाही," मी म्हटलं.

रविवारी काम झालं. गाडी मधल्या स्टँडवर चढवून मी इंजिन चालू केलं आणि टॅग ह्यांच्या हाती दिला. हे गल्लीतून चालत गेले, वळणापलीकडे दिसेनासे झाले, पार हमरस्त्यापर्यंत जाऊन आले. इंजिन चालूच. मग टॅग स्टीलच्या डब्यात घालून झाकण लावलं आणि डबा सीटवर ठेवला. चालूच. बंद करायचं बटण दाबलं, बंद झालं. डबा न उघडता चालू करायचं दाबलं, झालं नाही. हे समाधानाने मान हलवत होते. तरी त्यांनी स्वतः सगळं पुन्हा एकदा केलं, क्रमाने, आणि मला हात लावू दिला नाही. इंजिन चालू ठेवून गाडीपासून दूर जायचं नाही, एवढं माझ्याकडून कबूल करून घेतलं.

सोमवारी मी निघाले तेव्हा हे हेल्मेट घालून दारात उभे होते.

"तुम्ही कोठे?"

"पापनाशमपर्यंत येतों. परत बसनं येईन."

हे मागे बसले. ह्यांच्या वजनाने गाडी जरा मागे दबली. अय्यमपेट्टै गेल्यावर त्या सरळ रस्त्यावर ह्यांचा हात माझ्या खांद्यावर घट्ट झाला, आणि शाळेचं फाटक येईपर्यंत तसाच राहिला. फाटकापाशी उतरून त्यांनी सीटखाली हात घालून जोड गरम तर झाले नाहीत ना, ते बघितलं.

"सरि, ठीक," म्हणाले. "जा. घंटा होईल."

त्याला आता बरेच दिवस झाले. डावा अंगठा औषधाने थोडा शांत आहे, उजवा नाही. डॉक्टर म्हणतात, दुखणं पुढे मनगटावरही येऊ शकतं. आलं तर अ‍ॅक्सिलरेटरचं काय करायचं, याचं चित्र मी अजून काढलेलं नाही. पण ह्यांनी परवा आपणहून विचारलं की त्याची केबल आतून कशी जाते. मी त्यांना हँडलपाशी नेऊन दाखवली.