तेलाचं बोट

कसब्यात आमच्या घराखाली रंगरावांचं वेल्डिंगचं दुकान. दारावर त्यांनी स्वतः रंगवलेली पाटी : ‘तेलकट हातांनी ऑक्सिजनच्या टाकीला शिवू नये. वडा खाऊन आलेल्यांनी रस्त्यावर थांबावे.’ लोक हसत. मी कॉलेजात रसायनशास्त्र शिकवलं, मला हसू आलं नाही. दाबाखालचा ऑक्सिजन तेलाला भेटला की भडका उडायला काडी लागत नाही, चावी फिरवली की पुरे.

“बाई, तुमच्या पोरांना हे पुस्तकातून कळतं,” रंगराव म्हणायचे, “मला भुवया जळून कळलं.”

गेल्या खंडेनवमीला ते बाहेर फाटकाचं माप घ्यायला गेले आणि दुकानातली पूजा त्यांच्या बायकोने, विमलाबाईंनी उरकली. कुंकू टिकावं म्हणून टाकीच्या तोंडाशी तेलाचं बोट लावलं, वर झेंडू. दसऱ्याला गिऱ्हाइकाला मुहूर्तावर फाटक हवं होतं. रंगरावांनी घाईघाईने हार काढला, कुंकू फडक्याने पुसलं, तोंडावर दाब आवरणारा रेग्युलेटर बसवला, चावी फिरवली. वर माझ्या मांडणीतली भांडी पडली.

“टाकी फुटली,” गल्ली म्हणाली. टाकी शाबूत होती. फुटला तो रेग्युलेटर, आणि त्याच्यासमोर रंगरावांचा चेहरा होता.

आठ दिवस जगले. पट्ट्यांआडून मला म्हणाले, “कुंकू दिसलं, पुसलं. तेल दिसलं नाही. विमलला सांगू नका.” मी मान डोलावली, मग त्यांना दिसत नाही हे लक्षात येऊन “बरं” म्हटलं.

“मेल्यांनी गॅसच खराब भरला,” असं विमलाबाई वर्षभर सांगत राहिल्या. मी ऐकून घेतलं. दुकान आता विमलाबाईंचा भाऊ अनंत चालवतो.

यंदा खंडेनवमीला जिना उतरले तर विमलाबाई टाकीपुढे, हातात वाटी, बोट तेलात. मी मनगट धरलं.

“अहो बाई, सोडा! पूजा आहे.”

“पाटी वाचता येत नाही का?”

“ती वड्याच्या तेलाची. हे समईचं, देवाचं.”

“टाकीला फरक कळत नाही. गेल्या वर्षीही कळला नाही.”

वाटी खाली ठेवायला त्यांना बराच वेळ लागला.

“यांना माहीत होतं?”

“हो. सांगू नका म्हणाले.”

“आणि तुम्ही वर्षभर माझ्या हातचा चहा पीत होतात.”

“हो.”

अनंत हार घेऊन दारात उभा होता. त्याच्याकडे न बघता त्या म्हणाल्या, “तो बाहेर ठेव. आधी साबण आण.”

चहाला मला त्यानंतर बोलावलेलं नाही. नाही बोलावलं तर नाही. टाकी कोरडी असते, मी येता-जाता बघते.